न दिसणारा खुबा

गुडघा बदलताना खुब्याचा सांधा सर्जनला दिसत नाही, बोटाला लागतही नाही. तरी खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत आणायचे असतात. पूर्वी मांडीच्या हाडात सळई घालून आम्ही त्या रेषेचा अंदाज बांधायचो. आता कॉम्प्युटर नॅव्हिगेशनमध्ये हाडावर ट्रॅकर बसवतो. त्यावरचे चकचकीत गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. मग पाय गोल गोल फिरवायचा. ट्रॅकर हवेत गोलाचा एक तुकडा रेखतो आणि त्या गोलाचं केंद्र हाच खुब्याचा मध्य! शाळेतली भूमिती अशी ऑपरेशन थिएटरमध्ये भेटली की मला अजून मौज वाटते. (मध्येच असिस्टंटचं डोकं कॅमेऱ्याआड आलं की सगळं थांबतं, तो भाग वेगळा.)

घोट्याचं मात्र तसं नाही. तिथे आतल्या-बाहेरच्या उंचवट्यांवर पॉइंटर मलाच टेकवावा लागतो. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या बायका कांद्याच्या, द्राक्षांच्या कामात वर्षं काढून पाय पार धनुष्यासारखे वाकल्यावर येतात, घोटे सुजलेले. नडगी पस्तीसेक सेंटिमीटरची धरली, तर घोट्याचा मध्य 6 मिलिमीटर सरकला की रेषा एका अंशाने ढळते. चालवून घेण्यासारखी ढळ तीनच अंशांची. आणि कॉम्प्युटर कुरकुरत नाही. चुकीच्या बिंदूवरूनही कोन तेवढ्याच ठामपणे सांगतो.

हाडं कापून झाल्यावर मधे ठेवायचा सेन्सर आतल्या-बाहेरच्या बाजूंचा दाब दाखवतो. उपयोगी आहे, पण तेव्हा भुलीमुळे स्नायू सैल पडलेले असतात. मांडी घालून बसता येईल का, हा या बायकांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर त्या आकड्यात नसतं.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच असल्याने शिकवण्याच्या गप्पा इथे रंगतात. 2002 मध्ये येल विद्यापीठाच्या अभ्यासात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवर सराव केलेल्या शिकाऊ डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के लवकर केलं होतं. तेव्हा सिम्युलेटर हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आता तर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या चष्म्यातून रेषा थेट पायावरच दिसते, पडद्याकडे मान वळवायला नको. पण ती रेषाही येते घोट्यावरच्या त्याच बिंदूंवरून. म्हणून चष्मा चढवून उभ्या राहिलेल्या ज्युनियरला मी आधी तो काढायला लावतो आणि म्हणतो, डोळे मीट, घोटा चाचप, हाड कुठे आहे ते सांग.