मेंढीचे पाय

मेंढीला चार पाय असतात एवढंच मला माहीत होतं. ते कुठे आणि कसे वाकतात याचा पत्ता नसताना मी तिला जलरंगात, तैलरंगात, लिनोत आणि शेवटी मातीत करायला घेतलं. वर या खटाटोपाला ‘एकाच विषयाचा विविध माध्यमांतून शोध’ असं नाव दिलं. कलेच्या वर्गात ते नाव फार चाललं.

विषय गावचाच. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघाली की वाटेत आमच्या काटेवाडीत थांबते. परीट समाजाची माणसं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचा कळप पालखीभोवती रिंगण धरतो. पुढे बेलवाडीला, इंदापूरला घोडे धावतात. मेंढ्यांचं रिंगण मात्र आमच्याकडे. लहानपणापासून पाहिलंय म्हणजे काढताही येणार, असा माझा समज. गच्चीवरून मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि तो थांबवून थांबवून चित्र काढलं. वरून दिसतात त्या पाठी. पाय एकमेकींच्या लोकरीत बुडालेले. मला ते सोयीचंच पडलं.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा राखलेला कागद. तो कुठे राखायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि आकारच पक्का नसेल तर ठरवणार काय? मी सगळीकडे राखाडी वॉश फिरवला आणि वरून पोस्टर कलरच्या पांढऱ्याने मेंढ्या बसवल्या. खालचा रंग वर येऊन सगळ्याचं पिठलं झालं. शिवाय आमच्या कळपांत दख्खनी काळ्या मेंढ्याही असतात. माझ्या सगळ्या गोऱ्या, परदेशी पुस्तकांतून आलेल्या. कागद वाईट निघाला, असं मी सांगून टाकलं. कागद उत्तम होता. वडिलांच्या उसाच्या बिलातून आलेला.

मग कॅनव्हास. तैलरंगाचा नियम साधा आहे: खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. तेलकट थर सावकाश वाळतो. त्याच्यावरचा थर आधी कडक झाला तर तडकतो. मी नेमकं उलटं केलं. चित्रातल्या पालखीच्या रथाला भेगा पडल्या, त्या ‘टेक्श्चर’ म्हणून खपवल्या. कुणी हटकलं नाही, म्हणून आणखी धीट झाले.

लिनोचा छाप उलटा पडतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. मीही पताकेवरची अक्षरं आठवणीने उलटी कोरली. मेंढ्या तशाच राहिल्या. प्रिंट घरी दाखवला तेव्हा आजी चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, “अगं, ह्या उलट्या चालल्यात की!” प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, माझ्या मेंढ्यांनी तो डाव्या हाताला घेतला होता. वर्गात हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

मातीत मात्र लपायला जागा नसते. आधी आमच्या रानातली काळी माती नेली. निवेदनात ‘स्थानिक माती’ लिहायला बरं. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळेच उन्हाळ्यात रान फाटतं. आतला तारेचा सांगाडा काही आकसत नाही. मेंढीचं अंग उभं चिरलं. शाडू आणली तेव्हा अंग टिकलं, पण चारही पाय मी सरळसोट, एकाच जाडीचे केले होते. सरांनी तिला एका बोटाने ढकललं. “मेंढी बघितलीयस का गं कधी?” काटेवाडीच्या मुलीला हा प्रश्न! राग आला, आणि उत्तर ‘नाही’ असंच होतं.

त्यानंतर सासवण्याला गेले. अलिबागजवळच्या या गावात शिल्पकार विनायक करमरकर (1891–1967) यांच्या घरीच त्यांचं संग्रहालय आहे. तिथली म्हैस बघून पहिल्यांदा वाटलं, माझी अडचण माध्यमाची नव्हतीच. एक माध्यम अडलं की मी दुसरं धरत होते, आणि न येणारं रेखाटन प्रत्येक वेळी सोबत नेत होते.

सुट्टीत शेजारच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, लेंडीखतासाठी. पेन्सिल घेऊन तिथे बसायला लागले. मेंढपाळ तात्यांनी वही मागून घेतली आणि मागच्या पायावर बोट ठेवलं. “पोरी, ह्यो गुडघा न्हवं. खोट हाय ही.” खरंच, मागे वाकलेला जो सांधा आपण गुडघा समजतो ती मेंढीची टाच असते, खरा गुडघा वर, पोटाला लागून. ती चालते बोटांच्या टोकांवर, दोन फाकलेल्या खुरांवर. एवढं कळल्यावर पाठीचा बाकही आपोआप जागेवर आला. हे प्राण्यांच्या शरीररचनेच्या कुठल्याही पुस्तकात आहे. मी ते उघडलं नव्हतं.

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात मी कॅनव्हास लावणार नाही, नुसती पेन्सिलची रेखाटनं लावणार आहे. त्यातली निम्मी अजूनही चुकलेली आहेत. लिनो पुन्हा कोरायला घेतलाय. चित्र आधी ट्रेसिंगवर काढून, कागद पालथा करून लिनोवर उतरवते आहे.