होनोलुलूचा उपवास

आम्ही मूळचे मालवणकडचे आणि वाढलो गिरगावात. त्यामुळे मासा या विषयावर आमच्याशी कुणी वाद घालू नये, अशी आमच्या घराण्याची जुनी समजूत आहे. सुरमईवर अंगठा दाबून ती आजची की कालची हे मी सांगू शकते. बांगड्याचे कल्ले उघडून पाहिल्याखेरीज मी पिशवीतला हात बाहेर काढीत नाही. कोळणी मला ओळखतात, आणि खरे सांगायचे तर थोड्या भितातही!

अशा मला चार वर्षांपूर्वी होनोलुलूत, खुद्द लेकीच्या लग्नात, वाडगाभर माशाने खाली मान घालायला लावली.

जावई तिथलाच. पणजोबा जपानहून आलेले. त्यामुळे नाव जपानी, बोलणे अमेरिकन आणि स्वभाव निव्वळ हवाई बेटांचा, म्हणजे कसलीच घाई नसलेला. लग्नाच्या जेवणात विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने केलेला एक पदार्थ माझ्यापुढे आणून ठेवला. लालबुंद माशाचे चौकोनी तुकडे, त्यावर नारिंगी रंगाचे काहीतरी, वर कांद्याची पात. मला वाटले टोमॅटोची कोशिंबीर असेल. चमचा तोंडाशी नेणार इतक्यात वास आला आणि उमगले, की हा मासा कच्चा आहे. मी चमचा खाली ठेवला, वाडगा चार बोटे दूर सारला आणि ह्यांना मराठीत म्हटले, "अहो, आमच्याकडे कच्चा मासा फक्त मांजर खातं."

हे हसले. विहीणबाईंनी लेकीला विचारले, "आई काय म्हणाल्या?" लेकीचा चेहरा पडला, पण ती हजरजबाबी. म्हणाली, "आईचा आज उपवास आहे."

झाले! तेव्हापासून मी त्या घरात उपवासाची बाई ठरले. मुक्काम होता तोवर विहीणबाई रोज अदबीने विचारीत, "आज उपवास आहे का?" आणि मी काही बोलण्याच्या आत माझ्यासाठी निराळे शिजवीत. चार वर्षे फोनवरदेखील तोच प्रश्न. एका खोट्याने माणूस किती अडकतो, हे सत्यनारायणाच्या कथेत ऐकले होते. अनुभवले ते प्रशांत महासागराच्या मधोमध.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी पुन्हा जायचे ठरले, तेव्हा डिंक, आहळीव आणि खारका यांच्या पुड्यांबरोबर एक निश्चयही बांधून घेतला. या खेपेस तो वाडगा रिकामा करायचा.

होनोलुलू म्हणजे परदेश असे मनाला पटतच नाही. नकाशात पाहा: मुंबई 19 अंश उत्तरेला, हे गाव 21 अंशांवर. म्हणून तेच आंबे, तीच केळी, तेच नारळ आणि कुंपणाला तीच जास्वंद. विहीणबाईंच्या परसात तर अळू! तिथे त्याला कालो म्हणतात. त्याचे कंद शिजवून, कुटून पोई नावाची लापशी करतात. पानांत मांस गुंडाळून वाफवतात. मूळच्या हवाईयन लोकांच्या कथेत हे अळू माणसाचा थोरला भाऊ आहे. म्हणून त्याचा मान मोठा. मी अळूवड्या केल्या, तेव्हा विहीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो "घसा खाजत नाही ना?" हाच! अळूची खाज ज्यांना ठाऊक, त्या दोघी परक्या कशा?

एका पहाटे जावई आम्हां दोघांना 38 क्रमांकाच्या धक्क्यावर घेऊन गेला. तिथे माशांचा लिलाव चालतो. 1952 साली तो तोक्योच्या त्सुकिजी बाजाराच्या धर्तीवर सुरू झाला. मला ससून डॉकची सवय. ओरडा, टोपल्या, पायांखाली पाणी, कोळणींच्या हातांतल्या बांगड्या आणि तोंडचे दोन तिखट शब्द. इथे आत पाऊल टाकले तर थंडीने दात वाजू लागले, आणि आवाज म्हणाल तर देवळाच्या गाभाऱ्याइतका. साडेपाचला घंटा झाली. बर्फावर ओळीने निजलेले प्रचंड मासे. काही तर माझ्याहून वजनदार. हाच आपला कुपा. तिथे त्याच्या दोन मोठ्या जातींना आही म्हणतात. हवाईयन भाषेत आही म्हणजे अग्नी. गळाला लागला की हा असा धावतो की होडीच्या कडेवरून सुटणाऱ्या दोरीतून धूर निघे, म्हणून हे नाव पडले, असे तिथले लोक सांगतात.

प्रत्येक माशाच्या शेपटीजवळ एक काप घेतलेला असतो. गिऱ्हाईक वाकून त्याचा रंग पाहते, बोटांनी चरबी चाचपते आणि मग पुटपुटल्यासारखी बोली लावते. एकेक मासा निराळा विकला जातो; ढिगाचा व्यवहार नाही. होड्या दोन-तीन आठवडे समुद्रावर असतात. पण मासा पकडल्या क्षणापासून बर्फात असतो. "आई, कच्चं खायचं धाडस जिभेचं नसतं," जावई म्हणाला, "ते या बर्फाचं असतं." हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवले.

पदार्थाचे नाव पोके. हवाईयन भाषेत पोके म्हणजे आडवे कापणे, तुकडे करणे. जुने कोळी किनाऱ्याजवळचे लहान मासे कापून त्यांना समुद्राचे मीठ, लिमू म्हणजे समुद्रशेवाळ, आणि इनामोना लावीत. इनामोना म्हणजे कुकुई नावाच्या झाडाची भाजून कुटलेली बी आणि मीठ. आपल्याकडच्या तिळकुटाची लांबची बहीणच. हेच झाड आपल्याकडे जंगली अक्रोड म्हणून ओळखले जाते. 1885 पासून उसाच्या मळ्यांवर जपानी मजूर करारावर येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर सोयाबीनचे शोयू आणि भाजक्या तिळांचे तेल या वाडग्यात आले. 1970 च्या सुमारास लहान माशांची जागा आहीने घेतली. तिखट पोकेतली लाल मिरचीची चटणी तर अगदी अलीकडची. नाव थायलंडमधल्या गावाचे, श्रीराचा. पण 1980 साली कॅलिफोर्नियात तिचा कारखाना काढला तो व्हिएतनामहून आलेल्या एका निर्वासिताने. मेयोनीज गोऱ्यांचे. म्हणजे एका वाडग्यात पाच देशांची माणसे गुण्यागोविंदाने नांदतात!

गुण्यागोविंदाने? तसे म्हटले खरे. पण विहीणबाईंच्या देवघरासारख्या कोनाड्यात एक पितळेची चकती आहे. तिच्यावर फक्त एक आकडा. ती त्यांच्या आजीची. मळ्यावर मजुरांना नावाने हाक मारीत नसत. गळ्यात अशी चकती असे आणि पगार त्या आकड्यावर मिळे. तिला बांगो म्हणत. ते मळे आता उरले नाहीत. हवाईतला शेवटचा मोठा मळा 2016 च्या अखेरीस बंद झाला. चकती मात्र रोज पुसली जाते.

लेकीला मुलगी झाली. डिंकाचे लाडू वळताना विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या, हाताला चटके बसले तरी उठल्या नाहीत. दिवाळी आली तेव्हा नात सव्वा महिन्याची होती. मुंबईत अभ्यंगस्नाने उरकून चकल्या फोडीत होते, तेव्हा आमच्याकडे आदल्या दिवसाची दुपार! लक्ष्मीपूजन सोवळ्यात पार पडले. पाडव्याच्या सकाळी मात्र लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांनी नऊ महिने कच्चा मासा बंद केला होता. आज मला पोके हवं." विहीणबाई उठल्या. मी म्हटले, "थांबा. आज मी करते. तुम्ही फक्त सांगा."

आता कृती सांगते. अर्धा किलो आहीचा ठोकळा. मासा कच्चा खाण्यासाठीच राखलेला, त्याच दिवशी आणलेला आणि कापीपर्यंत बर्फावर ठेवलेला. नळाखाली धरायचा नाही. स्वच्छ फडक्याने टिपायचा. काळसर रक्ताचा पट्टा कापून काढायचा. तो मी काढला, आणि विहीणबाईंनी तो दाराशी बसलेल्या बोक्यापुढे ठेवला. मग धारदार सुरीने रेषांच्या आडवे काप घ्यायचे. उभे कापले तर तंतू दातांत येतात. तुकडे साधारण पाऊण इंचाचे. मी आपल्या सवयीने सुरी दाबून फिरवली, तशी विहीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "दाबायचं नाही. एकदाच, आपल्याकडे ओढायचं."

निराळ्या भांड्यात तीन मोठे चमचे मेयोनीज, दीड चमचा श्रीराचा, लहान चमचाभर तिळाचे तेल आणि तेवढेच शोयू फेटायचे. शोयू जपून, खारटपणा माशाचे पाणी सोडवतो. म्हणून कालवायचे ते पान मांडल्यावरच, आणि तेही हलक्या हाताने. वर कांद्याची पात, भाजलेले तीळ आणि मोहरीएवढी नारिंगी गाबोळी. खाली गरम भात, आंबेमोहोरासारखा थोडा चिकट. मी गुपचूप एक हिरवी मिरची बारीक चिरून घातली. विहीणबाईंनी पाहिले, आणि दुसरी मिरची माझ्याकडे सरकवली.

पान मांडले. विहीणबाईंनी माझ्यासाठी निराळी भाजी काढली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "आज उपवास आहे का?"

आता बोललेच पाहिजे होते. मी म्हटले, "विहीणबाई, माझा त्या दिवशीही उपवास नव्हता." आणि सगळे सांगितले, मांजरासकट. लेक खाली बघू लागली. ह्यांनी उगीच पाण्याचा पेला उचलला.

विहीणबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "शाळेत माझ्या डब्यात भात आणि मासा असायचा. गोऱ्या मुली नाक धरीत. मी झाकण अर्धवट लावून, त्याच्याआड जेवायची. आई विचारायची, डबा आवडला का? मी म्हणायची, हो." थोड्या थांबून त्या पुढे म्हणाल्या, "लग्नात तुम्ही वाडगा सारलात, तेव्हा मला ते झाकण आठवलं होतं. पण उपवास म्हटल्यावर मनाची समजूत घातली."

माझ्या घशाशी आवंढा आला. क्षमा मागावी तर शब्द इंग्रजी, आणि माझे इंग्रजी भाजीबाजारापुरते. मी भाजीचे ताट बाजूला केले आणि पोकेचा मोठा घास घेतला.

कसे सांगू? आधी थंडगार, मग लुसलुशीत, लोण्यासारखे. मग तिळाचा खमंग वास आणि शेवटी मिरचीचा झणका. माशाचा वास म्हणून जो मी समजत होते, तो शिळ्या माशाचा वास असतो. ताज्याला समुद्राचा वास येतो. साठ वर्षे मासे पारखणाऱ्या बाईला हे तिथे कळावे! मी वाडगा पुसून खाल्ला.

तेवढ्यात दाराशी बसलेला बोका आपला वाटा संपवून मिशा चाटू लागला. विहीणबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं अगदीच चूक नव्हतं. मांजरही खातं." आणि मग त्या अशा हसल्या, की पाळण्यातली नात दचकून जागी झाली.

वाचकहो, हे वाचून कुणी दादरच्या बाजारातून कुपा आणून कच्चा खाऊ नये. आपल्याकडे मासा शिजवण्याच्या हिशेबाने विकला जातो. शिवाय कुपा उन्हात राहिला की त्यात असे विष तयार होते, की ते शिजवूनही जात नाही. मी घरी परतल्यावर कुप्याचे तुकडे हळदमिठात शिजवून, निववून, त्यावर तोच मसाला घालते. ते पोके नव्हे. पण ह्यांना चालते.

त्या संध्याकाळी पणत्या लावायला बसलो, तर मी मुंबईहून नेलेल्या वाती संपल्या होत्या. विहीणबाई आतून कुकुईच्या सोललेल्या बिया आणि नारळाच्या झापाचा हीर घेऊन आल्या. एकेक बी त्यांनी हिरात ओवली, पणतीतल्या वाळूत हीर रोवला आणि टोकाची बी पेटवली. कुकुई म्हणजेच दिवा, असे त्या म्हणाल्या. जुन्या काळी तिथल्या घरांत याच बियांचा उजेड असे. एक बी दोन-तीन मिनिटे जळते आणि विझण्याआधी खालच्या बीला पेटवून जाते.

नात माझ्या मांडीवर होती. तिची एक आजी दुसरीला सांगत होती, की आता पुढच्या बीकडे लक्ष ठेवा.