मातीतलं सोनं, गटारातलं तांबं

गलाईचा धंदा मला हलका वाटायचा. औंधच्या पंचक्रोशीत हे मी कधी उघड बोललो नाही, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरचं कुणीतरी त्यात असायचं. खटाव, माण, खानापूर, आटपाडी हा सगळा दुष्काळी पट्टा. विट्याचं नाव या धंद्याशी जास्त जोडलं गेलं, पण आमच्या गावांतूनही माणसं बाहेर पडली आणि केरळपासून पंजाबपर्यंत सराफांच्या बोळांत मूस आणि भट्टी मांडून सोनं-चांदी गाळत बसली. माझे थोरले मामा त्यांतलेच. ते कोइमतूरला गेले. माझं शिक्षण त्यांच्या पैशावर झालं. आणि कॉलेजात कुणी विचारलं, तर मी "मामांचा व्यापार आहे" एवढंच सांगायचो. कशाचा, ते सांगायचो नाही.

कारण मामा सोनारांचा केर विकत घ्यायचे. दुकानातली झाडलोट, झिजलेली पायपुसणी, पॉलिशचा भुसा, फुटक्या मुशी, हात धुतलेल्या पाण्याच्या तळाचा गाळ. आपल्याकडे झारेकरी हेच काम करत आले आणि गावानं त्यांना कधी मानानं वागवलं नाही. ती तुच्छता मी कुणी न शिकवताच उचलली होती. शिवाय मनात एक संशय होता. केरातून कुणाचं घर उभं राहतं होय? यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मला वाटायचं. ज्यांच्या पैशानं माझी फी भरली गेली, त्यांच्याबद्दल मी हे मनात बाळगत होतो. याला कृतघ्नपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. कचरा, प्रदूषण, पुनर्वापर हे माझे आवडते विषय. ई-कचऱ्याचा धडा आला की मी टोकियोची गोष्ट रंगवून सांगायचो. २०२० च्या ऑलिंपिकसाठी जपानी लोकांनी जुने मोबाइल, कॅमेरे, संगणक दिले. सुमारे ७९ हजार टन उपकरणं जमली आणि त्यांतून ३२ किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली. सगळी पदकं त्या उपकरणांतल्या धातूंची झाली. "बघा, याला म्हणतात दृष्टी," असं मी म्हणायचो.

एका वर्षी हे वाक्य संपताच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमचं पप्पा तर ह्येच करत्यात."

त्याचा सूर साधा होता. त्याला उद्धटपणा करायचा नव्हता, मला पेचात पकडायचं नव्हतं. जपानची गोष्ट ऐकून त्याला घरची आठवण झाली होती, इतकंच. वर्गात आणखी दोघातिघांनी माना हलवल्या. मी "हो, तेही एक प्रकारे..." असं काहीतरी पुटपुटलो आणि फळ्याकडे वळलो. पण खडू हातात तसाच राहिला. तो मुलगा किती सहज "आमचं पप्पा" म्हणाला होता, आणि त्याच्या वयात मी "व्यापार" म्हणून वेळ मारून नेत होतो. तेच काम जपानी माणसानं स्वच्छ कारखान्यात केलं की दृष्टी, आणि माझ्या मामांनी बोळात केलं की काळंबेरं? आपण विज्ञान शिकवतो असा माझा समज होता. खरं तर मी कपडे बघून माणसं मोजत होतो.

त्या दिवाळीत मी कोइमतूरला गेलो. मामांना नवल वाटलं, कारण इतक्या वर्षांत मी त्यांच्या भट्टीपर्यंत कधी आलो नव्हतो. मी म्हटलं, "मामा, पहिल्यापासून दाखवा." त्यांनी दाखवलं. केर आधी जाळतात, म्हणजे कापड, लाकूड, मेण निघून जातं. राख कुटून चाळतात, लोहचुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा काढतात, मग पाण्यात धुतात. जड तळाशी राहतं. ते सवागी, म्हणजे टाकणखार, आणि शिसं घालून वितळवतात. शिसं सोनं-चांदीला आपल्यात ओढून घेतं आणि पुढे जास्त आचेवर ते शिसं जाळून वेगळं केलं की उरतो मिश्र धातूचा मणी. आता गंमत अशी, की सोन्यातली चांदी काढायला त्यात आधी आणखी चांदी घालावी लागते. सोन्याच्या तिपटीच्या आसपास चांदी झाली, की मगच नायट्रिक ॲसिड, म्हणजे त्यांचं तेजाब, आतपर्यंत पोचतं. चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटी होऊन खाली बसतं. मग त्या तेजाबात तांब्याची पट्टी सोडली, की चांदी भुरभुरत बाहेर येते. शाळा सातवीत सुटलेला माणूस मला हे सांगत होता, आणि याची समीकरणं मी पोरांकडून घोकून घेत होतो. "एका पायपुसण्यात एवढं निघतं व्हय?" मी विचारलं. ते म्हणाले, "निघत नसतं तर तू शिकला असतास का?"

इथंच मी थांबलो असतो, तर एक चूक टाकून दुसरी धरली असती. कारण तेजाब उकळताना जो तांबूस-पिवळा धूर उठला, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा होता. मी खोकत दाराबाहेर गेलो. मामा आतच होते, तोंडाला उपरणं बांधून. त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत होतो. विडीमुळे असेल, असं सगळे म्हणायचे. मामा विडी ओढत नाहीत.

आणि शेवटी टाकीत निळंशार पाणी उरलं. चांदी बाहेर आली, तिच्या जागी तांबं विरघळलं होतं. "ह्याचं काय करता?" मी विचारलं. मामांनी मोरीकडे बोट दाखवलं. सोन्याचा कण न सोडणारा माणूस तांबं गटारात सोडत होता आणि त्यात त्यांना विसंगत असं काही वाटत नव्हतं. तांब्याचा भाव त्या खटपटीला पुरत नाही, एवढा साधा हिशेब.

तो हिशेब एकट्या मामांचा नाही. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना मळी एके काळी नकोशी होती. इथेनॉलला गिऱ्हाईक मिळालं आणि तीच मळी मोलाची झाली. फाउंड्रीत बिडाचा तुकडा न् तुकडा परत भट्टीत जातो, पण साच्याची जळकी वाळू ढिगानं बाहेर पडते, कारण ती भाजून पुन्हा वापरण्यापेक्षा नवी वाळू आणणं स्वस्त. भाव संपतो तिथं पुनर्वापर संपतो. त्यापुढचं अंतर बाजार आपण होऊन चालत नाही, ते नियमानं आणि सामाईक सोयीनंच चालावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर पुनर्वापराची प्रमाणपत्रं मिळतात. तांबं काढलं तर त्याचीही नोंद होते, ही मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते. पण बोळातल्या एकट्या भट्टीला अशा एखाद्या चौकटीत यायला जागा, परवाना, धूर धुणारं यंत्र हवं. एकेकट्याला ते झेपणार नाही. वीस भट्ट्यांनी मिळून एक टाकी आणि एक धुराडं केलं, तर झेपेल.

मामांना हे पटत नाही. वीसजण एकत्र आले की कुणाचं तेजाब किती यावरून भांडणं होतील, असं ते म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण एका गोष्टीला ते तयार झालेत. त्या निळ्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकला, की तांबं त्यावर चढतं आणि खाली बसतं. तरी उरलेलं पाणी तसंच सोडायचं नाही, चुना घालून, गाळ बसवून मगच. कोइमतूरला कीस मिळत नाही असं नाही, पण औंधमध्ये लेथवाला माझा मित्र आहे, त्याच्याकडे पोती भरून पडलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातलं एक पोतं घेऊन मी जाणार आहे. रेल्वेत एवढं ओझं कसं न्यायचं, याचीच चौकशी सध्या चालू आहे.