खांब रोवायचं यंत्र

गेले काही दिवस मनात एकच विषय घोळतोय. कुंपणाच्या कामाला यंत्र घ्यायचं, तर कोणतं? राहायला कासारवाडीत, नाशिक फाट्याजवळ. कामं मात्र खेड आणि मावळच्या शिवारात. आजवर पहार आणि घणावरच भागवलं. परवा खेडकडच्या एका बांधावर आमचे मामा पहार मारत होते. वर वीतभर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पहार खणकन वाजली आणि मामांनी हात झटकला. तळव्याची साल निघाली होती. बोलले काहीच नाहीत. पुन्हा पहार उचलली. तो तळवा डोळ्यांपुढून हलत नाही.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा ऑगर झटपट खड्डा घेतो. सिमेंटच्या खांबाला तोच बरा. ठोकणारं यंत्र लोखंडी अँगल थेट जमिनीत उतरवतं. भोवतालची माती दाबून बसते, काँक्रीट वाचतं. पण सिमेंटचा खांब ते घाव सोसत नाही, आणि अखंड पाषाणापुढे दोन्ही यंत्रं हात टेकतात. काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिथे खांब खोलच हवा.

यंत्र आलं की मामांचं काय, हा प्रश्न उरतोच. ओळंबा धरायला, तार ताणायला माणूस लागेलच. पण तितकीच माणसं लागतील?

तूर्त ऑगरच घ्यावा, असं ठरतंय. आमच्याकडे मागणी सिमेंटच्या खांबांनाच जास्त. ज्यांना यंत्र घ्यायचं आहे, त्यांनी आधी आपल्या भागातली माती हातभर खणून पाहावी. दुकानात नंतर जावं.