चाल एक, बोल अनेक

बंगळुरू शहरातून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की के. आर. पुरम लागते. पूर्ण नाव कृष्णराजपुरम. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा, जाड तारांनी तोलून धरलेला पूल ही इथली ठळक खूण. तो २००३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. मार्च २०२३ पासून व्हाईटफील्डकडे जाणारी मेट्रोही इथून सुटू लागली. पुलाखालची बसची गर्दी, रिक्षावाल्यांच्या हाका आणि मद्रासकडे धावणाऱ्या गाड्या पाहून कुणी म्हणेल, इथे प्रवाशाने थांबावे असे काय आहे? पाहण्यासारखे थोडे असेल, पण रविवारी सकाळी ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.

या भागाला लागूनच दूरवाणीनगर आहे. दूरवाणी म्हणजे कन्नडमध्ये टेलिफोन! १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यावरून हे नाव पडले. कारखान्याने चारही दिशांची माणसे आणली. पुढे व्हाईटफील्डच्या संगणक कंपन्यांनी त्यांत आणखी भर घातली. त्यामुळे एकाच गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम कानी पडते. त्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपापली भाषा देवळातही नेली. बंगळुरूच्या कित्येक चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळेपुढे भाषाही लिहिलेली असते. एक मंडळी बाहेर पडते, दुसरी आत शिरते. पायऱ्यांवर नमस्कार होतात, पण प्रार्थना मात्र वेगवेगळी.

मग ही मंडळी एकत्र येतात कधी? नाताळ किंवा अशाच एखाद्या खास दिवशी संयुक्त उपासना ठेवली की. प्रवचन एकाच भाषेत सांगावे लागते, फार तर दुभाषा उभा करावा लागतो. गाण्याला मात्र दुभाषा लागत नाही.

हे जमते कसे?

याचे उत्तर अगदी व्यवहारी आहे. पाश्चात्त्य भक्तिगीतांच्या पुस्तकांत प्रत्येक ओळीची अक्षरे मोजलेली असतात. आठ, सहा, आठ, सहा हे त्यांतले एक नेहमीचे माप. मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या देशी सहकाऱ्यांनी भाषांतरे करताना तेच माप सांभाळले, कारण चाल तीच ठेवायची होती. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका, एक तमिळ पुस्तकातून आणि दुसरी कन्नड पुस्तकातून, एकाच वेळी गाऊ शकतात आणि ओळीच्या शेवटी बरोबर एकत्र येतात. ऑस्ट्रियातील एका खेड्यात १८१८ मध्ये प्रथम गायिले गेलेले ‘सायलेंट नाइट’ आज शेकडो भाषांत आहे. चाल ओळखीची असल्याने कुठल्याही भाषेचा माणूस त्यात सामील होऊ शकतो. आणि ‘हालेलुया’ व ‘आमेन’ हे दोन हिब्रू शब्द तर सगळ्यांच्याच मुखी सारखे!

तंजावरचा धागा

मात्र सगळी गाणी परदेशी चालींची नाहीत. तमिळ चर्चमध्ये कर्नाटकी रागांतील कीर्तने मोठ्या प्रेमाने गायिली जातात. त्यांचे थोर रचनाकार वेदनायगम शास्त्रियार (१७७४ ते १८६४) तंजावरचे. मराठी वाचकाला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे, तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी आणि शास्त्रियार या दोघांनाही श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याचे शिक्षण लाभले. पुढे मराठा राजाने या तमिळ ख्रिस्ती कवीला आश्रयही दिला.

आपल्याकडे हेच काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) केले. इंग्रजी चालीत कोंबलेली मराठी अक्षरे त्यांच्या कानाला कशी रुचणार? त्यांनी ओवी, अभंग आणि भजनाची वाट धरली. आज ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची शेकडो गीते आहेत. त्यांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे निकोल मॅकनिकल यांनी केली आणि ती परदेशातील गीतसंग्रहांतही गेली. म्हणजे गाणी केवळ तिकडून इकडे आली नाहीत, इकडूनही तिकडे गेली.

अशा देशी गाण्यांत मात्र एक अडचण येते. त्यांची चाल मुळातून शिकावी लागते आणि शब्दही परके असतात. गायकवृंदातील मंडळी त्यावर सोपा उपाय करतात. तमिळ गाणे कन्नड लिपीत आणि तेलुगू गाणे इंग्रजी लिपीत वहीत उतरवून घेतात. उच्चार चुकतात, शेजारीण हसून सुधारते आणि तालीम पुढे सरकते.

भाषेवरून भांडणेही

सगळे गोडच आहे असे मात्र नाही. कॅथलिक चर्चमध्ये पूर्वी उपासना लॅटिनमध्ये होत असे. ती कुणाचीच घरची भाषा नव्हती. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडले. पण कुणाच्या लोकभाषेला? बंगळुरूत कन्नड आणि तमिळ भाषकांमध्ये यावरून कडवट वाद झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. आपल्या राज्यात आपल्या भाषेला मान हवा, हे कन्नड मंडळींचे म्हणणे चुकीचे नव्हते. आजोबांपासून चालत आलेली प्रार्थना सोडवत नाही, हे तमिळ मंडळींचे दुःखही खरेच होते.

एकत्र गाण्याने असे वाद मिटतात असा दावा कुणी करू नये. वेळापत्रकाचा प्रश्न वेळापत्रकानेच सोडवावा लागतो. पण गाणे एक गोष्ट दाखवून देते. दुसऱ्याजवळ उभे राहण्यासाठी आपली भाषा टाकावी लागत नाही. आपापल्या भाषेत एकत्र गाणे ही पहिली पायरी. शेजाऱ्याचे गाणे त्याच्या भाषेत शिकणे ही त्याच्या वरची. पहिल्या पायरीवर आपण त्याला सहन करतो, दुसरीवर त्याचा मान राखतो.

कधी बंगळुरूला गेलात, तर एखाद्या रविवारी मेट्रोने के. आर. पुरमला उतरा. चर्चमध्ये जायचे असेल तर वेळ आणि भाषा आधी विचारून घ्या, मागच्या बाकावर बसा, फोटो काढू नका. गाण्याचे पुस्तक कुणीतरी आपणहून हाती देईल. लिपी वाचता आली नाही तरी बिघडत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल ध्यानात येते, आणि चाल आली की गुणगुणायला कुणाची परवानगी लागत नाही.