ज्याचा त्याचा हिवाळा

क्रोमॅटिन हा शब्द फळ्यावर आला की आमच्या वर्गातल्या निम्म्या मंडळींचे डोळे मिटू लागतात. दुपारचा तास आणि त्यात हा परका शब्द. दोष कुणाचाच नाही. माझे मात्र उलटे झाले. ‘खाण तशी माती’ या म्हणीने मला पुष्कळ दिवस छळले होते. तिला उत्तर शोधता शोधता मी या शब्दापाशी येऊन पोहोचलो.

पेशीच्या केंद्रकातील जो भाग रंग चटकन शोषून घेतो, त्याला वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास क्रोमॅटिन हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्रोमा’ म्हणजे रंग. डीएनएचा धागा आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती हिस्टोन नावाची प्रथिने, असे हे मिश्रण आहे. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या इवल्याशा वनस्पतीच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला, तर जवळजवळ नऊ सेंटिमीटर भरेल. तो मावतो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या केंद्रकात! अर्थात घडी घातल्याशिवाय हे साधत नाही. १९२८ साली एमिल हाइट्झने मॉस वर्गातील वनस्पतींत या घडीचे दोन प्रकार ओळखले. सैल होणारा भाग तो यूक्रोमॅटिन आणि घट्टच राहणारा तो हेटरोक्रोमॅटिन. वही उघडी असली तर वाचता येते, दोरीने करकचून बांधली तर नाही. जनुकांचेही साधारण तसेच आहे.

दाणा पक्व होऊन वाळू लागतो, तेव्हा आतल्या गर्भाची केंद्रके आकसतात आणि क्रोमॅटिन दाटते. दाण्याला पाणी मिळून मोड आला (माझा कानडी मित्र त्याला ‘मोळके’ म्हणतो), की ही केंद्रके पुन्हा फुगू लागतात. पण पुढचे सगळे पाण्यावर भागत नाही. नवरात्रात आपल्याकडे घट बसतात. देवघराच्या अंधारात घटाभोवती पेरलेले धान्य नऊ दिवसांत उंच वाढते, पण ते असते पिवळे, फिकट आणि लुकडे. त्याच पायलीतले दाणे परसात टाकले तर हिरवीगार, ठेंगणी रोपे येतात. बीज एक, मग रूप दोन का?

ॲराबिडॉप्सिसच्या बाबतीत या प्रश्नाचे थोडे उत्तर केंद्रकात डोकावून मिळाले. अंधारात वाढलेल्या अंकुराच्या बीजपत्रांत केंद्रके लहान राहतात आणि डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे भाग आत विस्कळीत पसरलेले असतात. उजेड मिळाला की केंद्रक मोठे होते, जनुकांचे वाचन वाढते आणि त्याच वेळी ते विस्कळीत भाग एकत्र येऊन घट्ट गाठी बांधतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दाखवले गेले. या गाठींत उड्या मारणारी जनुकेही कोंडलेली असतात. अशी जनुके बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधली आणि त्यासाठी १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. गव्हाचा डीएनए ॲराबिडॉप्सिसच्या शंभरपटींहून अधिक आणि त्याची मांडणीही निराळी, तेव्हा घटातल्या गव्हाला हे वर्णन जसेच्या तसे लावू नये. पण एवढे खरे, की उजेडात येणे म्हणजे नुसते उघडणे नव्हे. काय मिटून ठेवायचे, हेही अंकुराला तेव्हाच ठरवावे लागते.

मला सर्वांत अधिक हलवले ते हिवाळ्याच्या प्रकरणाने. ॲराबिडॉप्सिसचे काही वाण काही आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय वेळेवर फुलत नाहीत. एफएलसी नावाचे जनुक फुलोरा अडवून धरते. लांबलेल्या थंडीत त्या जनुकाभोवतीच्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा पडत जातात आणि ते मिटते. थंडी सरल्यावरही, पेशी कितीदा विभागल्या तरी, ते मिटलेलेच राहते. रोपाला हिवाळ्याची आठवण राहते, असे म्हणा ना! इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलिन डीन यांनी या आठवणीचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आहे. आणि मग रोपाला बी धरते. त्या बीजातला गर्भ अगदी कोवळा असतानाच या खुणा पुसल्या जातात. एफएलसी पुन्हा जागे होते. आईबापांनी काढलेला हिवाळा लेकराच्या खाती जमा होत नाही. त्याला आपला हिवाळा स्वतःच काढावा लागतो.

माझ्या वडिलांनी दहावीच्या वर्गातून शाळा सोडली आणि ते फौंड्रीत भट्टीपुढे उभे राहिले. मी विज्ञान शाखेला गेलो, तेव्हा भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ती म्हण माझ्या देखत त्यांना ऐकवली. वडील गप्प राहिले. पुढे मात्र मी अभ्यासाला बसलो, की ते म्हणत, “मी सोसलंय न्हवं, तुला सोसाय नको.” मला दोन्ही बोलणी सारखीच जड वाटत. एकाच्या मते बापाचे अपयश मला आयते मिळाले होते, तर दुसऱ्याच्या मते बापाचे कष्ट.

माणूस म्हणजे मोहरीचे रोप नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी एका रविवारी मी वडिलांना हे हिवाळ्याचे सगळे समजावून सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे मी भट्टीम्होरं उभा ऱ्हायलो ते वाया गेलं म्हण की!”

तेव्हा मी त्यांना बीजपत्रांविषयी सांगितले. ॲराबिडॉप्सिसचे बी वाळूच्या कणाएवढे. पण त्याच्या बीजपत्रांत तेल आणि प्रथिने भरलेली असतात. ती त्या रोपाने आपल्या हयातीत, उन्हातान्हात कमावलेली. मातीतून वर येऊन पान हिरवे होईपर्यंत अंकुर त्याच शिदोरीवर जगतो. आठवण पुसली जाते, शिदोरी पोहोचते. हिवाळा ज्याचा त्याने काढायचा, हे खरे. पण त्या हिवाळ्यापर्यंत चालत जाण्याचे बळ मागच्या पिढीने बांधून दिलेले असते.

— तृतीय वर्ष, बी. एस्सी.