तेरावा सेक्टर

जानेवारीत चंदीगडवर धुकं उतरलं की सकाळच्या वर्गात मुलं हातमोजे काढून, बोटांवर फुंकर घालत की-बोर्डला हात लावतात. पायथन नुकतंच शिकू लागलेल्या या मुलांना मी पहिला सराव त्यांच्याच गावाचा देते. ल कॉर्बुझिएच्या या शहरात पहिल्या दोन टप्प्यांत १ ते ४७ क्रमांकांचे सेक्टर आखले गेले आणि त्यांतून १३ गाळला गेला. बारात पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, शेजारीच चौदात पंजाब विद्यापीठ. म्हणजे सेक्टर एकूण ४६. करा यादी!

कोणीतरी हमखास ‘रेंज(१, ४७)’ लिहितं. यादी तयार होते, मोजली की ४६ भरते. ‘चल गया, मॅडम जी!’ त्या आवाजातला आनंद मला फार आवडतो, म्हणूनच पुढचं हलक्या हातानं सांगावं लागतं. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्यामुळे ४७ बाहेर राहिला. गाळायचा तो १३ आत आला. एक गेला, एक आला, बेरीज जुळली. दोन चुकांनी एकमेकींना झाकून घेतलं.

अपूर्णविराम राहिला तर यंत्र तिथल्या तिथे अडवतं. मुलं लाल अक्षरांना घाबरतात, पण ती अक्षरं शिकणाऱ्याची सोबतीण आहेत. तळाची ओळ आधी वाचली तरी बरंच कळतं. मला धास्ती वाटते ती बिनबोभाट चालणाऱ्या प्रोग्रामची. ‘इनपुट’मधून घेतलेला १७ हा पायथनच्या लेखी आकडा नसतो, मजकूर असतो. त्याला दोननं गुणा, ३४ येत नाहीत, १७१७ येतात आणि यंत्र चकार शब्द काढत नाही.

आणि १३ कायमचा वगळून मोकळं व्हावं, तर तेही आता चालत नाही. २०२० मध्ये मनीमाजराला सेक्टर १३ हे नाव मिळालं. गाव बदलतं, तसा कोडही पुन्हा उघडून बघावा लागतो.

तुमच्या घरात कुणी कोड लिहायला शिकत असेल, तर ‘चाललं का?’ एवढं विचारून थांबू नका. यादीतली पहिली आणि शेवटची नोंद त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि मधली एखादी बोट ठेवून विचारा.